तुरीचा शेंडा आणि जेडची फांदी

ती. बाबा,


परवा फोनवर तुम्ही म्हणालात, बोन्साय म्हणजे झाडाचा छळ. ते मनातून जाईना, म्हणून हे पत्र. पेरणीनंतर दीडेक महिन्याने तुरीचे शेंडे खुडायला आम्हाला तुम्हीच शिकवलंत ना? शेंडा गेला की बगलेतून फांद्या फुटतात, झाड डेरेदार होतं. त्याला तुम्ही कधी छळ म्हणाला नाहीत. जेडचं बोन्साय याच नियमावर उभं राहतं. तुमच्या हाताला ते काम येतंच, म्हणून तर तुम्ही एक जेड लावावं असा हट्ट धरतेय.

नर्सरीत जेड म्हणून दोन झाडं विकतात. मोठ्या, जाड पानांचं ते क्रॅसुला. नखाएवढ्या पानांचं, लालसर कोवळ्या फांद्यांचं ते पोर्टुलाकॅरिया. तुम्ही दुसरंच घ्या. पान लहान असलं तरच वीतभर झाड वृक्षासारखं दिसतं. दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेची. तिकडे हत्ती पोर्टुलाकॅरिया ओरबाडून खातात आणि खाली पडलेल्या डहाळ्या मुळं धरतात. मोडून पुन्हा फुटणं या झाडाच्या रक्तातच आहे. फ्लोरिडाच्या जिम स्मिथ यांनी अनेक वर्षं याची बोन्साय केली. फोर्ट पिअर्सच्या हीथकोट उद्यानात त्यांचा संग्रह आहे. वडाला आकार यायला वर्षानुवर्षं लागतात. जेड एका हंगामात उत्तर देतं, आणि नवख्याला तेच हवं असतं.

बोटाएवढी फांदी कापून सावलीत चार-पाच दिवस पडू द्या. जखम सुकली की लावा. ओली लावली तर कुजते. लावल्यावरही आठवडाभर पाणी नको. पानं समोरासमोर जोडीने येतात. जोडीच्या जरा वर कापलं की बहुधा दोन फुटवे येतात. तारा गुंडाळू नका, मांसल फांदीत त्या रुततात आणि वण राहतो. कात्री पुरे.

आपली काळी माती कपाशीला सोनं, पण या कुंडीत नकोच. ती पाणी धरून बसते. बारीक खडी, धूळ चाळून काढलेला विटांचा चुरा आणि थोडं कुजलेलं शेणखत घ्या. दारव्ह्याच्या उन्हाची मला फारशी काळजी नाही. पाणी तुटलं की हे झाड दिवसा पानांची छिद्रं मिटतं, रात्री उघडतं. मे महिन्यात मात्र दुपारी सावलीत ठेवा, कारण कुंडी तापली की मुळं भाजतात. खरी भीती पावसाळ्याची. सततच्या झडीत कुंडी पडवीत घ्या. पाण्याचा वार ठरवू नका, पान दाबून पाहा. टणक असेल तर थांबा. किंचित सुरकुतलं असेल तर खालच्या भोकातून वाहेपर्यंत द्या.

मुळं छाटायची घाई नको. आधी एक-दोन वर्षं साध्या कुंडीत खोड जाड होऊ द्या, मग मी येईन तेव्हा दोघं मिळून उथळ कुंडीत बसवू. इतर बोन्सायला मुळं कापल्यावर लगेच पाणी देतात. याला तेव्हाही काही दिवस कोरडंच ठेवावं लागतं. आई सवयीने तांब्या ओतेल, तिला आधीच सांगून ठेवा.

तुमची लेक