जुन्या स्पोर्ट्‌स कारमधली नकोशी गरम हवा

मोटारीचा हीटर स्वतः उष्णता तयार करत नाही. इंजिनात तयार होऊन एरवी रेडिएटरमधून वाया जाणारी उष्णताच तो आत आणतो. इंजिनाभोवती फिरून ८५ ते ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले कूलंट दोन होज पाइपांमधून फायरवॉलपलीकडे जाते आणि डॅशबोर्डखाली बसवलेल्या छोट्या रेडिएटरमधून फिरून परत येते. या छोट्या रेडिएटरला हीटर कोअर म्हणतात. बाहेरची हवा त्याच्या जाळीतून गेली की तापते आणि पायांशी व काचेवर सोडली जाते. इंजिन चालू आहे तोवर उष्णता तयार होतच राहते, म्हणून हीटर बंद करायचा म्हणजे तिची वाट अडवायची. वाट पुरती अडली नाही, तर बटण थंडवर असूनही आत झळा येतात.

थंड देशात ही तक्रार किरकोळ ठरते. बुऱ्हाणपूरसारख्या गावात ती गाडी वापरण्याजोगी ठेवत नाही. तापीच्या खोऱ्यातल्या या शहरात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणे नवे नाही, आणि नवतप्याच्या दिवसांत दुपारची लू अंग भाजून काढते. त्यात स्पोर्ट्‌स कार मुळातच लहान. इंजिन चालकाच्या पायांना लागून, गिअरबॉक्स दोन आसनांच्या मधल्या बोगद्यात आणि छत खाली. लहान हीटरसुद्धा दोन-तीन किलोवॉट उष्णता सहज देतो, म्हणजे न्हाणीघरातल्या गिझरइतकी. तेवढी उष्णता दोन माणसांच्या जागेत कोंडली तर काय होईल ते वेगळे सांगायला नको.

उष्णतेची वाट अडवण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत कूलंटच थांबवतात. इंजिनातून हीटर कोअरकडे जाणाऱ्या पाइपवर एक व्हॉल्व्ह असतो. गॅरेजमध्ये त्याला सरसकट ‘हीटरचा कॉक’ म्हणतात. एमजी मिजेट, ट्रायम्फ स्पिटफायर यांसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत ही पद्धत आढळते. दुसऱ्या पद्धतीत कूलंट कोअरमधून कायम वाहत असते आणि हवेची वाट बदलली जाते. एक झडप हवेला कोअरमधून नेते किंवा कोअरला वळसा घालायला लावते. १९८९ साली आलेल्या माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीत अशी रचना आहे. काही गाड्यांत कॉक आणि झडप दोन्ही असतात. हवेवर थंड होणारी इंजिने ही तिसरी जात. फोक्सवॅगन बीटल आणि जुनी पोर्शे ९११ यांत पाणीच नसते, एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती फिरवलेली हवा आत घेतली जाते. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी समोरची गाडी यांपैकी कोणत्या जातीची आहे हे ठरवणे आवश्यक असते. एका पद्धतीत जो बिघाड, तोच दुसऱ्या पद्धतीत नेहमीचा व्यवहार असतो.

तपासणीची सुरुवात थर्मामीटरने करावी. बाहेर ४३ अंश असताना गाडीतली हवा गरम लागणारच, ती हीटरमुळे गरम आहे की गावच्या उन्हामुळे हे नुसत्या हाताला कळत नाही. सावलीत बाहेरचे तापमान घ्यावे आणि गाडी २० मिनिटे चालवल्यावर डॅशबोर्डच्या झरोक्यातले घ्यावे. झरोक्यातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनीच जास्त असेल, तर ती वाटेतल्या तापलेल्या पत्र्यामुळे. फरक १५-२० अंशांचा असेल, तर हवा तापलेल्या कोअरमधूनच येत आहे. पंखा बंद असताना वेगात हवा येणे हा बिघाड नव्हे. पुढच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीवर धावत्या गाडीत दाब तयार होतो आणि तोच हवा आत ढकलतो. उलट गाडी उभी असतानाच झळा वाढत असतील, तर बॉनेटखालची तापलेली हवा त्या जाळीतून आत शिरत असण्याची शक्यता मोठी.

यानंतरची तपासणी बॉनेट उघडून. इंजिन पूर्ण तापलेले आणि हीटरचे बटण थंडच्या टोकाला असावे. फायरवॉलपाशी अंगठ्याएवढे जाड दोन रबरी पाइप शेजारी शेजारी आत जाताना दिसतात. जाड कापडी हातमोजा घालून, पंख्याच्या पट्ट्यापासून दूर राहून, ते एकेक करून चाचपावेत. कॉकच्या इंजिनाकडच्या बाजूचा पाइप धरवत नाही इतका तापलेला असतो. कॉकच्या पलीकडे मात्र तोच पाइप कोमट आणि परतीचा त्याहून गार लागला पाहिजे. दोन्ही पाइप सारखेच कढत असतील, तर कॉक बंद होत नाही. कॉक नसलेल्या गाडीत दोन्ही पाइप कढत असणे हेच योग्य, तिथे दोष झडपेत शोधावा.

‘थोडासाच गळतो, चालेल’ असे कॉकबद्दल म्हणता येत नाही. कोअरमधली उष्णता कूलंटच्या प्रवाहाच्या प्रमाणात वाढत नाही. प्रवाह अगदी बारीक असला तरी त्याला कोअरमध्ये जास्त वेळ मिळतो आणि तो आपली बरीचशी उष्णता हवेला देऊन जातो. त्यामुळे पाव उघडा राहिलेला कॉकसुद्धा गाडी तापवायला पुरतो. कॉक बंद झाला पाहिजे तो पूर्णच.

कॉक बंद न होण्याचे सर्वांत साधे कारण केबल हे असते. बटणापासून कॉकच्या दांडीपर्यंत पोलादी तार जाते. तिचे बाहेरचे आवरण क्लिपमध्ये सरकले, की बटण टोकाला जाते पण दांडी अर्ध्यावरच थांबते. उपाय अवघ्या काही मिनिटांचा. बटण थंडवर ठेवून क्लिप सैल करावी, कॉकची दांडी हाताने पूर्ण बंदच्या बाजूला दाबून धरावी आणि त्या स्थितीत आवरण पुन्हा आवळावे. बटण टोकाला टेकताना दोन-तीन मिलिमीटर मागे उसळी मारेल इतका ताण राहिला, म्हणजे कॉक खात्रीने बसतो. दांडी हातानेही हलत नसेल, तर दोष आत आहे.

आतला दोष बहुतेक वेळा क्षारांचा असतो आणि बुऱ्हाणपुरात हे समजायला लांब जावे लागत नाही. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, १६१५ साली, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराच्या योजनेतून तयार झालेल्या कुंडी भंडाऱ्याची भुयारे सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल नुसत्या उताराने शहराकडे आणतात. त्या भुयारांच्या भिंतींवर पाण्याने सोडलेले चुन्याचे पांढरे थर चढलेले दिसतात. ज्या पाण्याने दगडी भुयारात असे थर चढतात, त्याच प्रकारचे विहिरीचे किंवा बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओतले, की बोटभर रुंदीच्या पितळी कॉकमध्येही तेच घडते. तिथे तर पाणी तापलेले, आणि तापलेले पाणी चुना अधिक लवकर टाकते. कॉकची बैठक खरखरीत होते, रबरी कडी कापली जाते आणि दांडी जागच्या जागी धरून बसते.

असा कॉक इंजिन गार झाल्यावरच काढावा. तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेले नसते, आणि झाकण निघताच उसळून अंगावर येते. जुना होज पाइप पिरगाळून ओढू नये. कोअरच्या नळ्या नाजूक असतात, त्या तुटल्या तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. पाइप धारदार पात्याने उभा चिरून सोलून काढणे स्वस्त पडते. पितळी कॉक लिंबूसत्त्वाच्या पाण्यात काही तास ठेवला तर थर सुटतात. ॲल्युमिनियमचा भाग असल्यास तो आम्लात ठेवू नये. बैठक खरवडली गेली असेल, तर नवा कॉक बसवणेच योग्य. त्यानंतर क्षारविरहित पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे भरावे. भरताना हीटर पूर्ण उघडा ठेवावा, म्हणजे कोअरमध्ये हवा अडकत नाही. निघालेले कूलंट उघड्यावर सोडू नये. ते चवीला गोड आणि विषारी असते, आणि कुत्री-मांजरे ते पितात.

पुढच्या काळातल्या गाड्यांत केबलऐवजी व्हॅक्यूम किंवा वीज आली. इथे उत्पादकांचा एक विचार लक्षात घ्यावा लागतो. या गाड्या थंड देशांसाठी घडल्या. तिथे हीटर बंद पडला तर काचेवर बर्फ साचून समोरचे दिसेनासे होते. म्हणून अनेक व्हॉल्व्ह असे रचले गेले, की बिघाड झाला तर ते उघडेच राहावेत. मर्सिडीजच्या एसएल १०७ मालिकेतल्या नंतरच्या गाड्यांत विजेवर चालणारा व्हॉल्व्ह आहे. त्याला वीज मिळाली की तो बंद होतो, वीज तुटली की उघडतो. म्हणजे उडालेला फ्यूज, गंजलेली तार किंवा फाटलेला पडदा यांपैकी काहीही झाले तरी फळ एकच, गरम हवा. तिथल्या माणसाची सुरक्षितता इथे शिक्षा होऊन बसते. अशा गाडीत आधी व्हॉल्व्हपाशी वीज येते का आणि अर्थिंग नीट आहे का हे पाहावे. फायबरग्लासच्या गाडीत हे अधिकच महत्त्वाचे. गोव्याच्या सॅन मोटर्सने १९९८ मध्ये आणलेली दोन आसनी स्टॉर्म त्याच घडणीची. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही, म्हणून प्रत्येक उपकरणाला अर्थिंगची वेगळी तार लागते. ती सैल झाली की चांगला व्हॉल्व्हही निकामी वाटतो.

व्हॅक्यूमचा बिघाड रस्त्यावर ओळखता येतो. व्हॅक्यूम इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून मिळतो, आणि चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की तो जवळजवळ नाहीसा होतो. बुऱ्हाणपुरातून खंडव्याकडे निघालेली गाडी सपाटीवर गार राहते, सुमारे २० किलोमीटरवर असीरगडचा घाट लागतो तसे पायांशी भाजायला लागते, आणि उतार सुरू झाला की पुन्हा गारवा. अशी तक्रार असेल तर व्हॉल्व्ह बदलण्याची घाई करू नये. चढावर पुरवण्यासाठी व्हॅक्यूमचा साठा धरणारी टाकी, तिच्या तोंडाचा एकमार्गी व्हॉल्व्ह किंवा एखादी तडकलेली बारीक नळी गळत असते. ही नळी फुटाच्या हिशेबाने मिळते, व्हॉल्व्हची किंमत मात्र खूप असते.

झडपेच्या गाडीत दोष बहुधा फोमचा. झडपेच्या कडांना हवा अडवण्यासाठी फोमची पट्टी लावलेली असते. वीस-पंचवीस वर्षांत तो फोम चुरतो. पंखा मोठ्यावर लावताच झरोक्यातून पिवळट-काळे, बोटांत चिकटणारे कण उडू लागले, की झडप उघडी पडल्याचे ते लक्षण. मग झडप पूर्ण मिटूनही कडेने हवा कोअरमधून जाते. डबा उघडून जुना फोम खरवडावा, पृष्ठभाग स्पिरिटने पुसावा आणि पाणी न शोषणारा, बंद छिद्रांचा फोम चिकटवावा. काम सोपे, पण डबा बाहेर काढायला एक-दोन दिवस लागतात. तोवर कोअरकडे जाणाऱ्या पाइपवर वेगळा कॉक बसवून उन्हाळा काढता येतो.

एसी असलेल्या गाडीत हीच गळती वेगळ्या रूपात भेटते. बहुतेक रचनांत हवा आधी एसीच्या कॉइलवरून आणि मग हीटरच्या डब्यातून जाते. कॉक गळत असेल तर थंड झालेली हवा पुन्हा तापते. मालक म्हणतो, एसी थंड करत नाही, आणि दर उन्हाळ्यात विनाकारण गॅस भरला जातो. गॅस भरण्यापूर्वी हीटरचा पाइप योग्य चिमट्याने पाच मिनिटे दाबून पाहावा. झरोक्यातले तापमान लगेच उतरले, तर दोष एसीत नाही.

पाइप कायमचा बंद करून टाकणे हा मात्र सर्व गाड्यांना चालणारा उपाय नाही. काही इंजिनांत थर्मोस्टॅट पाणी आत येण्याच्या बाजूला असतो आणि हीटरचा फेरा हा इंजिनाच्या अभिसरणाचाच भाग असतो. रोव्हरच्या के मालिकेचे इंजिन हे त्याचे ठळक उदाहरण. तिथे फेरा तोडला तर इंजिन असमान तापते. अशा ठिकाणी दोन्ही पाइप आखूड होजने एकमेकांना जोडावेत, म्हणजे कूलंट फिरत राहते आणि कोअर मात्र वगळला जातो. शिवाय हीटरची गरज इथेही असते. पावसाळ्यात काचेवरचे धुके तोच घालवतो, आणि घाटात इंजिन तापू लागले तर हीटर पूर्ण उघडून त्याची उष्णता बाहेर काढता येते. जुने चालक हा उपाय जाणतात. जो बदल करायचा तो परत फिरवता येईल असाच असावा.

कॉक आणि झडप ठीक असूनही पाय भाजत असतील, तर हवा भोकांतून येते. फायरवॉलमधून तारा, केबली आणि पेडलांच्या दांड्या आत येतात. तिथल्या रबरी कड्या वाळून तडकतात. गाडी उभी करून, बॉनेटखाली पेट्रोलचा वास नाही याची खात्री करून, आतला पंखा लावावा आणि या जागांजवळ उदबत्ती धरावी. धूर जिथे ओढला जातो तिथे भोक आहे. नवी कडी, बॉनेटच्या मागच्या कडेची रबरी पट्टी आणि बोगद्यावर उष्णतारोधक चादर यांनी मोठा फरक पडतो. एक्झॉस्टवर हवा तापवणाऱ्या गाड्यांत मात्र गरम हवेबरोबर धुराचा वास आला, तर गाडी त्याच वेळी थांबवावी. नळी फुटली असेल तर आत कार्बन मोनॉक्साइड येतो, आणि त्याला स्वतःचा वास नसतो.

दुरुस्तीनंतर तीच थर्मामीटरची मोजणी पुन्हा करावी, आधीच्या आकड्यांशी ताडावी आणि घाटात एक फेरी मारावी. पुढची काळजी थोडी आहे. हीटरचे बटण महिन्यातून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे, कारण न हललेला कॉकच धरून बसतो. कूलंट दोन वर्षांनी बदलावे आणि वरभरणीलाही विहिरीचे पाणी वापरू नये. होज पाइप दाबून पाहावेत, तडे दिसले तर जोडीने बदलावेत. ही सगळी तपासणी होळीच्या सुमारास, ऊन चढण्याआधी, उरकलेली बरी.