पाखराच्या पायातला वाळा

उन्हाळ्यातल्या पहाटे स्वेटर घालून कुडकुडायचं, हे खरं वाटतं का? गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी बहिणीकडे इंग्लंडला गेले होते. तिथे केंब्रिजजवळ ‘विकन फेन’ नावाची दलदल आहे. १८९९ सालापासून राखलेली ही जागा म्हणजे पाखरांचं माहेरच! पक्ष्यांच्या पायांत वाळे कसे घालतात, ते पाहायला आम्ही सात-आठ पाहुणे पहाटे पाचलाच तिथे हजर झालो.

बोरूच्या बेटात काठ्यांना काळी जाळी बांधली होती. इतकी बारीक, की आम्हालाही दिसेना! पाखरू आदळलं की जाळीच्या झोळीत अलगद पडतं. थोड्या थोड्या वेळाने फेरी मारून त्याला सोडवायचं आणि कापडी पिशवीतून टेबलापाशी आणायचं. हे काम शिकून परवाना मिळवलेल्यांनीच करायचं, बरं का!

पहिल्या पिशवीतून एक वटवट्या निघाला. एका आजोबांनी त्याची मान दोन बोटांमध्ये हळूच धरली. पंख मोजला, वजन केलं. अवघं १२ ग्रॅम! म्हणजे तीन छोटे चमचे साखर. पण त्याच्या पायात वाळा आधीच होता! नोंदींत नंबर शोधला, तर तीन वर्षांपूर्वी याच बेटात घातलेला. हा पक्षी हिवाळ्यात आफ्रिकेत जातो. म्हणजे सहारा वाळवंट ओलांडून निदान तीनदा जाऊन-येऊन त्याने पुन्हा हेच घर गाठलं होतं. वाळा नसता तर हे कुणाला कळलं असतं?

दुसऱ्या पिशवीतला पक्षी मात्र चोच उघडून धापा टाकत होता. आम्ही कॅमेरे सरसावले. मीसुद्धा! आजोबा काही न बोलता उठले, झुडपाच्या आडोशाला गेले आणि मूठ उघडली. पक्षी तसाच बसून राहिला. आम्ही श्वास रोखून बघतोय... आणि भुर्रकन उडाला की! ना वाळा, ना वजन, ना फोटो.

“पण मग नोंद राहिलीच की!” मी म्हटलं.

“पक्षी आधी, वही नंतर,” आजोबा हसले. मला माझ्या कॅमेऱ्याची लाज वाटली.

१८९९ सालीच डेन्मार्कमधल्या मॉर्टेन्सन यांनी नंबर आणि पत्ता कोरलेले वाळे पक्ष्यांना घालायला सुरुवात केली. ते चक्क शाळेतले मास्तर होते, हं! आपल्याकडे मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी हे काम करते. वाळा घातलेला पक्षी कधी दिसला आणि नंबर वाचता आला, तर लिहून त्यांना जरूर कळवा. पण त्याला पकडायला मात्र धावू नका. लक्षात आहे ना? पक्षी आधी, वही नंतर!