तिसरा चौकोन

छपाईच्या ओळी घातल्या की वाचनालयासाठी केलेली दिव्यांची पाटी नीट चालते. काढल्या की मधूनच तिसरा चौकोन लालभडक होतो. चौसष्टच्या चौसष्ट दिवे एकदम पेटतात. ‘वाचनालय’ हा शब्द डावीकडे सरकत त्या चौकोनापाशी आला की बुडतो आणि पलीकडच्या चौकोनात पुन्हा वर येतो. छपाईच्या ओळी म्हणजे कोडमध्ये ठिकठिकाणी पेरलेल्या सूचना: इथवर पोचलो, आता ही किंमत इतकी झाली, असं पाटी चालवणाऱ्या मायक्रोकंट्रोलरनं केबलवरून संगणकाला कळवत राहायचं. दोष सापडावा म्हणून घातलेल्या या ओळी आहेत आणि त्या असेतोवर दोष तोंड दाखवत नाही.

याचं कारण देता येतं. सेकंदाला ९६०० बिट या वेगानं एक अक्षर संगणकाकडे धाडायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. पाठवायची अक्षरं ६४ बाइटच्या एका छोट्या जागेत रांग लावतात. ती जागा भरली की पुढचं काम थांबतं. म्हणजे चौकशी सुरू झाली की कामाची लय बदलते, आणि नेमक्या ज्या लयीत ते बिघडत होतं ती लयच उरत नाही. हे सगळं पटतं. तरी मनातलं जात नाही. बघायला गेलं की जे नसतं, ते न बघताना होतं असं मी कशाच्या जोरावर म्हणतो?

दिव्याखाली अंधार, असं आपण येताजाता म्हणतो. मास्तरांचा मुलगा नापास झाला की म्हणतो, वैद्याच्या घरी आजारपण हटेना की म्हणतो. म्हणताना दिव्याकडे मात्र कुणी बघत नाही. समईखाली अंधार का पडतो? वात तेलाच्या वर जळते आणि तेल ज्या वाटीत असतं ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते. ज्याच्यावर दिवा जगतो त्याचीच ती सावली. म्हणीत दिव्याला टोमणा आहे, आणि तो मला दिवसेंदिवस अन्यायाचा वाटायला लागला आहे. वाटी काढून घेतली तर अंधार जाईल हे खरं, पण दिवाही जाईल.

कंदिलाचंही तेच. रॉकेलची टाकी खाली, काच वर, त्यामुळे कंदिलाच्या बुडाशी कायम एक काळं वर्तुळ. कोकणात आजोळी रात्री गोठ्यात जायचं म्हणजे आजी पुढे आणि मी तिच्या मागे. ती कंदील कधीही पुढ्यात धरायची नाही. उजवा हात लांब करून, गुडघ्याच्या जरा खाली, अंगापासून दूर धरायची. एकदा माझ्या हातात दिला तेव्हा मी तो हौसेनं दोन्ही हातांनी समोर धरला, तर म्हणाली, “पायाशी नको धरूस, बाजूला धर. पायाखालचं दिसायला हवं.” पावसाळ्यात वाटेवर फुरसं असायचं, तिला चांगलं माहीत होतं. कंदील बाजूला गेला की ते काळं वर्तुळही वाटेवरून बाजूला जायचं. तिच्या पायांच्या लांबलचक सावल्या डावीकडच्या चिऱ्याच्या गडग्यावर चढायच्या आणि प्रत्येक पावलागणिक कात्रीसारख्या उघडायच्या, मिटायच्या. गडग्याच्या बुडाशी तर मिट्ट काळोख. तो तिला चालायचा, तिथे पाय पडणार नव्हता. अंधार घालवायच्या भानगडीत ती पडत नसे. तो कुठे पडू द्यायचा एवढंच ठरवायची.

मीही तेच करून पाहिलं. छपाई काढली आणि मायक्रोकंट्रोलरची एक रिकामी पिन नेमक्या ठिकाणी वरखाली करायला लावली. या कामाला वेळ लागतोच, पण मिलिसेकंदाच्या मानानं नगण्य. मग त्या पिनेवर आणि पाटीकडे जाणाऱ्या तारांवर त्यांतले संकेत टिपणाऱ्या लॉजिक अॅनालायझरचे हूक अडकवले. चौकोन कमी वेळा पेटला, पण पेटला. आता हा कमी वेळा का, तर घड्याळाचे ठोके नेणाऱ्या तारेवर हुकाचा भार पडतो म्हणून, की सहज? तेही कळायला वाव नाही.

पाटीच्या प्रत्येक चौकोनामागे मॅक्स ७२१९ ही चिप आहे. तिला एका वेळी सोळा बिट जातात: चार कुणी वाचत नाही, चार पत्त्याचे, आठ मजकुराचे. तिसऱ्या चौकोनाचा निरोप आधीच्या दोघांच्या हातातून पुढे सरकतो. तारेत कुठे गडबड होऊन एक जादा ठोका उमटला की सगळं एका घराने सरकतं आणि मजकूर भलत्याच पत्त्यावर जातो. त्यातला ०एफ हा पत्ता चाचणीचा. तिथे १ पोचला की चिप सगळे दिवे लावून दाखवते. म्हणजे तिसरा चौकोन बहुधा बिघडलेला नसतोच, आपले सगळे दिवे शाबूत आहेत हे दाखवत असतो. मला हे फार लागलं. ही चिप एका वेळी आठांपैकी एकच ओळ पेटवते, मग पुढची, मग त्यापुढची, आणि सेकंदाला सुमारे ८०० वेळा हा फेरा पुरा करते. कुठल्याही क्षणी चौकोनाचे सात हिस्से विझलेले असतात. अक्षर वाचता येतं तेही न पेटलेल्या दिव्यांच्या जिवावर. सगळं पेटलं की वाचण्यासारखं काही उरत नाही. इथे अंधार नाही हाच दोष, आणि म्हण तर अंधारालाच दोष देते.

देवनागरी आठ ओळींत बसवणं हे खरं अवघड काम होतं. शिरोरेखा, वर वेलांटी, खाली उकार. प्रत्येक शब्दाचं चित्र उभ्या रांगांनी हातानं काढावं लागलं. ते जमलं आणि मन त्यावरून उठलंही. हा तिसरा चौकोन मात्र चिकटून बसलाय.

भाचा म्हणाला, “मामा, दर पाच सेकंदांनी सगळी सेटिंग पुन्हा पाठव. झालं.” तसं केलं. बुधवार पेठेतून आणलेले कपॅसिटर वीज जिथे आत येते तिथे प्रत्येक चौकोनामागे बसवले, तारा आखूड केल्या. पाटी आता वाचनालयाच्या दारावर आहे आणि तक्रार कुणाचीच नाही. पण चौकोन पेटायचा थांबला, की पेटतो आणि पाच सेकंदांच्या आत निवतो? दारातून आत येणारा माणूस पाटीकडे तेवढा वेळही बघत नाही. “चालतंय ना? मग राहू दे की,” असं भाचा म्हणतो, आणि त्याचं चूक आहे असं मला ठामपणे म्हणता येत नाही.

चिपलाच विचारावं म्हटलं तर तीही सोय नाही. तिला फक्त सांगता येतं. तू आत्ता कुठल्या अवस्थेत आहेस, हे तिच्याकडून वाचून घेता येत नाही. मायक्रोकंट्रोलर आयुष्यभर निरोप धाडत राहणार, पोच कधीच येणार नाही. उरतो तो बाहेरून बघण्याचा मार्ग: तिसऱ्या चौकोनासमोर उजेड मोजणारा एक छोटा सेन्सर लावायचा आणि सगळे दिवे पेटले की नोंद ठेवायची. सेन्सर आणून ठेवलाय. त्याची तार पाटीच्या खोक्यात न्यायला एकच भोक आहे, आणि त्यातून आधीच घड्याळाची तार जाते.