आठशे मीटरचा आदिमानव

साताऱ्याहून पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत (एनआयएस) कोचिंगचा डिप्लोमा करायला आलो आणि पुढे जवळच्या चंदीगडलाच राहिलो. शिवालिकमधून उतरणारे इथले 'चो', म्हणजे ओढे, पावसाळा सरला की आटतात. त्यांच्या ओलसर वाळूत मी आठशे मीटरवाल्या पोरांना पळवतो आणि मागून ठसे बघत जातो. दम ताजा असेल तर चवडा खोल रुततो, टाच जेमतेम उमटते. पोरगं ढेपाळलं की टाच दिसू लागते, ढांग आखूड होते.

ऑस्ट्रेलियात विलँड्रा सरोवरांच्या परिसरात २००३ साली असेच ठसे सापडले, सुमारे २०,००० वर्षांपूर्वीचे. ढांगेची लांबी आणि पायाची उंची यांवरून वेग काढायचं सूत्र मॅकनील अलेक्झांडर यांनी १९७६मध्ये मांडलं होतं. त्या चिखलातल्या एका गड्याचा वेग आधी ताशी सुमारे २० किलोमीटर निघाला. पुढे कुणी तो ३७वर नेला. पायाची उंची मात्र पावलाच्या मापावरून अंदाजानेच धरावी लागते. ती जरा कमी धरली गेली की वेगाचा आकडा फुगतो.

ताशी ३७ने आठशे मीटर ७८ सेकंदांत संपतील. डेव्हिड रुडिशाचा २०१२चा विश्वविक्रम १ मिनिट ४०.९१ सेकंदांचा आहे! ताशी २० धरला तर २ मिनिटं २४ सेकंद. तेवढं तर सरावातली शाळकरी पोरंही पळतात. मोजकी पावलं वेग सांगतात, तो किती वेळ टिकला हे सांगत नाहीत. आणि आठशेचं सगळं कसब टिकवण्यातच आहे. चंदीगडकर मिल्खासिंग १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये चारशे मीटरच्या पहिल्या टप्प्यात जोरात सुटले, मग मंदावले. ब्राँझ एक दशांश सेकंदाने हुकलं.

आदिमानवाला हे कसब लागलंच कशाला असेल? श्वापद मागे लागलं तर जीव खाऊन शंभर-दोनशे पावलं, आणि शिकारीला लांबची, सावकाश चाल. कलहारीतले सान शिकारी भर उन्हात हरणाचा तासन्‌तास पाठलाग करून त्याला दमवत. दोन फेऱ्यांत बरोबर रिकामं व्हायचं, ही गरज ट्रॅक आणि घड्याळाने निर्माण केली.

माझा अंदाज विचाराल तर धडधाकट शिकाऱ्याने आठशेला सव्वादोन मिनिटांच्या आसपास वेळ दिली असती. असा गडी हाताशी आला तर त्याच्या पळण्याच्या ढबीला मी हात लावणार नाही. पहिली फेरी राखून पळायला तेवढं शिकवीन.