चुकारा बाकी

देवरी तालुक्यात दिवाळीनंतर धान खरेदी सुरू झाली की कट्ट्यांबरोबर एक्सेलच्या फायलीही वाढू लागतात. मी त्या फायलींचं काम करतो. हिशेब तसा सरळ: कट्टा ४० किलोचा, ओलावा १७ टक्क्यांच्या आत, २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाला क्विंटलला २,३०० रुपये. डोकं खायचे ते तक्त्यांचे रंग. चुकारा, म्हणजे धानाचे पैसे, बाकी असलेला शेतकरी एका खरेदी केंद्राच्या यादीत पिवळा, तर दुसऱ्याच्या यादीत लाल.

सगळ्या याद्या पायथनमधून, ओपनपायएक्सएल ही लायब्ररी वापरून काढायच्या असं ठरवलं. त्यात नेम्डस्टाइल नावाची सोय आहे. फॉन्ट, रंग, कडा, आकड्यांची मांडणी हे सगळं एकदाच ठरवायचं, त्याला नाव द्यायचं आणि पुढे सेलला नुसतं नाव सांगायचं. नावं मी मुद्दाम कामावरून ठेवली: ‘चुकारा बाकी’, ‘खाते क्रमांक’, ‘रक्कम’. ‘पिवळा’ असं नाव ठेवलं असतं तर रंग बदलताच ते खोटं ठरलं असतं.

‘खाते क्रमांक’ सगळ्यांत जपण्याचा. एक्सेल १५ अंकांपर्यंतचीच संख्या अचूक ठेवतं. त्यापुढच्या अंकांचं शून्य होतं आणि सुरुवातीची शून्यं तर उडूनच जातात. म्हणून शैलीत मजकुराची मांडणी हवी, शिवाय कोडमधूनही क्रमांक मजकूर म्हणूनच लिहायला हवा. नुसत्या शैलीवर भागत नाही. पैसे भलत्याच खात्यात गेले तर शेतकऱ्यानं कोणाच्या दारात जायचं?

यादी पाहून केंद्रावरचे बाबू म्हणाले, “पिवळा झेरॉक्समधी दिसत नाही जी, ठळक करून द्या.” त्यांच्यासमोरच एक्सेलच्या सेल स्टाइल्समध्ये ‘चुकारा बाकी’ उघडून अक्षर ठळक केलं, कड जाड केली. यादीभर बदल झाला. फाइलमध्ये सेल शैलीचा फक्त क्रमांक बाळगतो, वर्णन एकाच ठिकाणी असतं. म्हणून हे जमतं. कोडमध्ये मात्र एकदा सेलला लावलेली शैली मागाहून बदलली तरी तो सेल जुनाच राहतो. तिथे आधी शैली पक्की करायची, मग लावायची.

दर हंगामाला तोच तक्ता काढणाऱ्यांना एवढंच सांगेन: कोडला हात घालण्याआधी शैलींची नावं कागदावर लिहून बाबूंना वाचून दाखवा. रंग नंतर ठरवता येतील.