सव्वीस आठवड्यांनंतर

२ जानेवारी २०२५, गुरुवार
आई आज रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने मिरजेला गेली. शेक, शेगडी, बाळंतशेपा, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू असं सगळं बाळंतपण तिनं बेंगळुरूतल्या विजयनगरच्या या लहानशा घरात एकटीनं निभावलं. निघताना बाळाची टाळू भरली आणि मला म्हणाली, "जेवण चुकवू नकोस, दूध आटतं."

माझी रजा रविवारी संपते. ८ जुलैपासून २६ आठवडे. १९६१च्या कायद्यात १२ आठवडे होते, ते २०१७मध्ये २६ झाले. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं, असं डॉक्टर सांगतात. दोन्ही हिशेब जुळतात असं वाटतं, पण रजा मोजतात ती घेतल्या दिवसापासून, जन्मापासून नाही. पाय सुजले, रक्तदाब चढला म्हणून ज्या बाईला आधीचे आठ आठवडे घ्यावे लागतात, तिला बाळाजवळ राहायला उरतात अठरा. माझे तीन आधी गेले. बाळ सहा महिन्यांचं होणार महिनाअखेरीला. मधल्या दिवसांसाठी फ्रीजरमध्ये दूध साठवते आहे, प्रत्येक पिशवीवर तारीख घालून.

६ जानेवारी, सोमवार
सकाळी साडेसातला निघाले. विजयनगरहून पट्टंदूर अग्रहार, मेट्रोने तासाभराचा प्रवास. ही जांभळी मार्गिका व्हाइटफील्डपर्यंत सलग सुरू झाली ऑक्टोबर २०२३मध्ये. हेच अंतर बसने जायचं असतं, तर मी नोकरीवर परत येण्याचा विचारही केला नसता.

बाळाजवळ मावशी आहेत. त्या मूळच्या बीदर जिल्ह्यातल्या भालकीच्या, त्यामुळे आमचं बोलणं मराठीतच होतं. अधूनमधून कन्नड येतं ते बाळाला खेळवताना.

दुपारी बातमी आली: बेंगळुरूत दोन बाळांना एचएमपीव्ही. एक तीन महिन्यांचं, दुसरं आठ महिन्यांचं. आमचं बरोबर या दोघांच्या मधलं. मीटिंग चालू असताना टेबलाखाली फोन धरून वाचलं. हा विषाणू नवा नाही, २००१पासून माहीत आहे, आपल्याकडे आधीपासून फिरतोच आहे, असं आयसीएमआरचं म्हणणं. वाचून डोकं शांत झालं, हात झाले नाहीत. मावशींना फोन केला. "ताई, झोपलीय. ताप नाही. आता मी पण तोंडाला बांधते," त्या म्हणाल्या. मी अजून काही सांगायच्या आत त्यांनी ते ओळखलं होतं.

८ जानेवारी, बुधवार
ऑफिसात दूध काढायला एक खोली आहे. खुर्ची, प्लग, आतून कडी. एवढं असलं की पुष्कळ होतं, आणि बऱ्याच जणींना एवढंही मिळत नाही. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोनदा पाजण्यासाठी वेळ द्यायचा, हे १९६१च्या कायद्यातच लिहिलेलं आहे. मी त्या दोन वेळा कॅलेंडरवर सरळ 'दूध' असं लिहून अडवल्या. कुणी काही बोललं नाही.

५० किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चारदा तिथं जाता यावं, हे २०१७ची दुरुस्ती सांगते. आमच्या आवारात ते आहे, चांगलं आहे. पण पाच महिन्यांचं बाळ गर्दीच्या वेळी मॅजेस्टिक स्थानकातून घेऊन जायचं कसं? या शहरात घर एका टोकाला आणि काम दुसऱ्या टोकाला. पाळणाघर घराजवळ हवं, वॉर्डावॉर्डात हवं, आणि ते आईच्याच नव्हे, बापाच्याही पायाखालच्या वाटेवर हवं.

परतताना मेट्रोच्या तपासणीत बर्फाच्या पिशवीवरून अडवलं. सुरक्षारक्षक बाईनं झाकण उघडलं, "मगूगे हालु?" (बाळाला दूध?) असं विचारलं आणि मी मान हलवताच झाकण नीट दाबून लावून दिलं.

१० जानेवारी, शुक्रवार
कालपासून सगळीकडे एकच चर्चा. एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन आठवड्याला ९० तास काम करा म्हणाले, रविवारीसुद्धा. ऑक्टोबर २०२३मध्ये आमच्याच शहरातल्या नारायण मूर्तींनी ७० तास सांगितले होते. मी मांडून पाहिलं. आठवड्याचे तास १६८. त्यातून ९० वजा, सात तासांची झोप वजा, रोजचा प्रवास वजा. दिवसाला दोन तास उरतात. त्यात अंघोळ, जेवण आणि मूल. एवढे तास काम करणाऱ्या माणसाच्या घरी कुणीतरी दुसरं माणूस बाळ सांभाळत असतं. त्याचे तास कुणीच मोजत नाही, याचा मला मनापासून राग आला आहे.

आणि खर्च कुणी उचलायचा? १९२८मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात कारखान्यातल्या स्त्रियांच्या प्रसूती-रजेचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, म्हणून हा भार बऱ्याच अंशी सरकारनं उचलावा, असं त्यांनी मांडलं. पुढच्या वर्षी मुंबईचा कायदा झाला. आज माझ्यासारखीच्या २६ आठवड्यांचा पगार पूर्ण मालकाकडून जातो, म्हणून तरुण मुलींना नोकरी देताना काही मालक कचरतात. सरकारनं वाटा उचलला असता, तर ही अडचण उरली नसती.

बाळाच्या बाबाला खासगी नोकरीत कायद्यानं एकही दिवस मिळत नाही. केंद्र सरकारी नोकरांना १५ मिळतात. यानं स्वतःची शिल्लक रजा खर्ची घातली.

१९ जानेवारी, रविवार
बोरन्हाण झालं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, बोरं, चुरमुरे, उसाचे करवे. शेजारच्या अज्जींकडेही संक्रांतीला लहान मुलांच्या डोक्यावरून बोरं ओततात. त्या एळ्ळू-बेल्ल, म्हणजे तीळ-गूळ, घेऊन आल्या आणि औक्षणाला त्यांनाच पुढे केलं.

पाहुणे गेल्यावर मावशी भांडी आवरत होत्या. त्यांचा मुलगा भालकीला आजीजवळ असतो. तो पोटात असताना त्या आठव्या महिन्यापर्यंत दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करत होत्या. मग ते काम सुटलं. पगारी रजा हा विषयच नव्हता. पहिल्या बाळाला केंद्राच्या मातृवंदना योजनेतून ५,००० रुपये मिळतात, हे त्यांनी अंगणवाडीत ऐकलं होतं. पाच हजार आणि माझा सहा महिन्यांचा पगार! एकाच देशातल्या दोन बाळंतपणांत एवढं अंतर आहे आणि माझी नोकरी त्यांच्या हातांवर उभी आहे.

रात्री आम्ही दोघं बसलो आणि कागदावर लिहिलं: आठवड्याची सुट्टी, महिन्याची पगारी रजा, आजारपणात पगार कापायचा नाही, गावी जायचं भाडं आमच्याकडून. सकाळी मावशींना वाचून दाखवायचं. त्यांना काही वाढवायचं असेल तर वाढवायचं.

३० जानेवारी, गुरुवार
काल सहा महिने पूर्ण झाले. आज उष्टावण, रागीच्या सरीनं, म्हणजे नाचणीच्या पेजेनं. अज्जींच्या पद्धतीनं मावशींनी नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले, वाळवून, हलकी भाजून दळली आणि वस्त्रगाळ केली. मोडांमुळे त्यातलं लोह अंगी लागतं. कॅल्शियम तर १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमहून जास्त. पहिला चमचा बाहेर आला, दुसरा गेला.

मावशींनी कागदात एकच गोष्ट वाढवली. महाशिवरात्रीला आठवडाभर मुलाकडे जायचं आहे. त्या आठवड्यात घरी हा राहणार. रजेचा अर्ज त्यानं काल पाठवला, आणि कारणाच्या जागी 'मुलीची देखभाल' असं लिहिलं.