आस्कंदाची पुडी

परीक्षा जवळ आली म्हणजे आमच्या शाळेच्या व्हरांड्यांत एक निराळीच शांतता पसरते. ती समाधानाची नसते. मुलें सनावळ्या पुटपुटत असतात, त्यांचे हात गार पडलेले असतात, आणि फाटकाबाहेर उभे असलेले पालक मुलांहूनही अधिक घाबरलेले दिसतात. या भयाविषयीं चार शब्द लिहावे असें बरेच दिवस मनांत होतें. परंतु आमच्या हातून घडलेली एक चूक सांगितल्यावांचून तें लिहितां येईना, म्हणून लेखणी अडत होती. ज्या घराशीं या हकीकतीचा संबंध आहे त्या घरीं हा लेख आधीं वाचून दाखविला आहे, व त्यांच्या संमतीनेंच तो येथें देत आहों.

कांहीं वर्षांपूर्वीं आमचे वडील वारले. त्याच वर्षीं दहावीच्या दोन तुकड्यांचें काम आमच्याकडे आलें. पहाटे तीनला जाग यावी, छाती धडधडावी, आणि उजाडेपर्यंत पुन्हा डोळा लागूं नये, असा क्रम सुरू झाला. फळ्याकडे तोंड करून उभे राहिलों कीं खडू थरथरे. मुलांच्या ध्यानांत येऊं नये म्हणून आम्ही अक्षरें मोठीं काढीत असूं. उद्यांची चिंता करूं नये, हा उपदेश सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं आम्हीच मुलांना करीत होतों. तेव्हां आपलें दुखणें कोणाजवळ बोलण्याची सोयही आम्ही आपल्याच हातानें बंद केली होती.

नाताळच्या सुटींत नगर जिल्ह्यांतील आमच्या आत्याबाईंकडे गेलों. मिशनच्या इस्पितळांत परिचारिका म्हणून त्यांचा जन्म गेला. त्यांच्या परसांत आस्कंदाचें, म्हणजे अश्वगंधेचें, झुडूप होतें. वांगी, मिरची व धोतरा ज्या कुळांतले, त्याच कुळांतलें हें झाड. तें कमरेइतकें वाढतें. पानांवर बारीक राखट लव असते, फुलें हिरवट पिवळीं असतात, आणि फळ म्हणजे कागदी टोपडें घातलेली लाल गोळी. आत्याबाईंनीं मुळ्या खणून काढल्या, सावलींत वाळविल्या, कुटून वस्त्रगाळ केल्या, आणि रात्रीं ऊन दुधांत साखर व चिमूटभर पूड घालून पेला आमच्या पुढें ठेवला. मग शेजारीं बसून म्हणाल्या, “झोप लागत नाही ना बाळ? तुझ्या बापालाही या वयात असंच व्हायचं. रात्र रात्र ओट्यावर बसून असायचा.”

वडिलांना! ज्यांचा आवाज कधीं कांपलेला आम्हीं ऐकला नव्हता, त्यांना! ही गोष्ट चाळीस वर्षांत आम्हांस कोणीं सांगितली नव्हती. त्या रात्रीं आम्ही आत्याबाईंशीं पुष्कळ बोललों. आठदहा दिवसांत झोप हळूहळू परतली. गुण पुडीचा कीं बोलण्याचा, हें कोण सांगणार? आम्हीं मात्र सगळें श्रेय पुडीला दिलें. ती एस. टी.च्या प्रवासांत पिशवींत घालून आणतां येत होती, हेंही त्याचें एक कारण असावें.

नंतर आम्ही या विषयावर वाचूं लागलों. चरकसंहितेंत अश्वगंधेची गणना बल्य व बृंहणीय, म्हणजे बळ देणाऱ्या व अंग भरणाऱ्या औषधींत केलेली आहे. वनस्पतिशास्त्रांतील तिच्या लॅटिन नांवांत ‘सोम्निफेरा’, म्हणजे झोप आणणारी, असें विशेषण आहे. २०१२ सालीं भारतांत झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत ६४ माणसें होतीं. निम्म्यांना मुळीच्या अर्काचे ३०० मिलिग्रॅम दिवसांतून दोन वेळां याप्रमाणें ६० दिवस दिले, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. आणि अर्क घेणाऱ्यांचा मानसिक ताण अधिक उतरलेला आढळला. हें वाचून आम्हांस मोठी धन्यता वाटली. मात्र त्या प्रयोगांतील माणसें प्रौढ होतीं, हा शब्द आमच्या डोळ्यांखालून गेला आणि मनांत राहिला नाहीं.

पुढच्या वर्षीं पूर्वपरीक्षेच्या आधीं दहावींतला एक मुलगा आमच्याकडे आला. हुशार, अबोल. “सर, पेपरात बसल्यावर मला काहीतरी होईल असं वाटतं,” एवढेंच तो म्हणाला. आम्हीं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तीन पुड्या दिल्या. तिसऱ्या दिवशीं भूमितीच्या पेपरांत तो बाकावर डोकें टेकून झोपीं गेला. उत्तरपत्रिकेवर अर्धवट त्रिकोण होता, आणि त्याच्या टोंकापासून पानाच्या खालपर्यंत पेनाची एक रेघ ओघळली होती.

दुसऱ्या दिवशीं त्याची आई आली. त्या माउलीनें आवाज चढविला नाहीं. “सर, तुम्ही चांगल्या मनानं दिलंत. पण आधी मला विचारलं असतंत तर?” मुलाला लहानपणापासून फेफरें येत होतें व त्याच्या गोळ्या चालू होत्या. मुलें चिडवतील म्हणून घरच्यांनीं ही गोष्ट शाळेपासून लपविली होती. त्याला भूमितीचें भय नव्हतेंच. सर्वांदेखत आकडी येईल याचें भय होतें. आत्याबाईंनीं दूध पुढें ठेवून आधीं जें विचारलें, तेवढेंच आम्हीं विचारलें नव्हतें.

डॉक्टरांनीं समजावून सांगितलें कीं, अशा गोळ्यांनीं आधींच गुंगी येते, आणि आस्कंदानें ती वाढूं शकते. जागरणाचाही कांहीं वांटा असेल. थायरॉईडचा विकार असणाऱ्यांनीं विचारल्याशिवाय ही पूड घेऊं नये, गरोदर स्त्रियांनीं तर घेऊंच नये, आणि क्वचित् कोणाच्या यकृतालाही इजा झालेली नोंदली गेली आहे. संप्रेरकांवर व गर्भावर होणाऱ्या परिणामांच्या शंकेवरून डेन्मार्क देशानें २०२३ सालीं तिच्यावर बंदी घातली. परसांतली म्हणून ती निरुपद्रवी, अशी आमची समजूत होती. धोतराही परसांतच उगवतो, हें आम्हांस सुचलें नाहीं.

बोर्डाच्या परीक्षेपूर्वीं मुलाच्या संमतीनें आम्हीं त्याच्या तीन मित्रांना सारें सांगितलें. आकडी आल्यास त्याला कुशीवर वळवावें, गळपट्टी सैल करावी, तोंडांत कांहीं घालूं नये, कांदा किंवा चप्पल हुंगवूं नये. पांच मिनिटांत थांबली नाहीं तर ताबडतोब इस्पितळांत न्यावें. मित्रांनीं हें पाठ केलें. परीक्षेंत कांहींच झालें नाहीं.

मे महिन्यांत तो मुलगा आमच्या घरीं आला आणि म्हणाला, “सर, ते झाड दाखवा.” आत्याबाईंकडून आणलेलें रोप आम्हीं कुंडींत लावलें होतें. मुळीचा एक तुकडा त्याच्या हातीं दिला, व घोड्यासारखा वास येतो म्हणून अश्वगंधा हें नांव, असें सांगितलें. त्यानें तो बराच वेळ नाकाशीं धरला. “घोड्याचा नाही सर, ओल्या गोणपाटाचा वास येतो.” घोडा हुंगण्याचा प्रसंग आमच्यावरही कधीं आलेला नसल्यामुळें आम्हीं वाद घातला नाहीं.